डासांवरचं विमान आणि ओल्गाबाईंचं पत्र

आजची गोष्ट अमेरिकेत सुरू होते, पण येऊन पोचते ती आपल्या गल्लीतल्या धुराच्या गाडीपाशी.

साल १९५७. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं डक्सबरी हे समुद्रकाठचं गाव. डास मारायला सरकारी मोहिमेतलं विमान आलं आणि वरून डीडीटी फवारून गेलं. ओल्गा हकिन्स या बाईंनी घराभोवतीची जागा पक्ष्यांसाठी राखली होती. फवारणीनंतर तिथे पक्षी मरून पडले. ‘औषध निरुपद्रवी आहे’ असं सांगितलं जात होतं. जानेवारी १९५८ मध्ये बाईंनी बोस्टनच्या वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहिलं. पक्षी गेले, डास मात्र राहिलेच, अशी त्यांची तक्रार. ते पत्र त्यांनी मैत्रिणीलाही पाठवलं. मैत्रीण म्हणजे रेचल कार्सन. त्यातूनच पुढे १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ हे गाजलेलं पुस्तक आलं आणि १९७२ मध्ये अमेरिकेत शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली.

मग डीडीटी वाईटच, असं म्हणाल? जरा थांबा. त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं, ते बघू.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात मलेरियाचे वर्षाला अंदाजे साडेसात कोटी रुग्ण आणि ८ लाख मृत्यू होते. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. इथे मुख्य भर घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी मारण्यावर होता. कारण मलेरियाचा डास रक्त पिऊन बऱ्याचदा भिंतीवरच टेकतो. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले! तेव्हा कुणी ‘फवारणी बंद करा’ म्हटलं असतं, तर किती घरं उजाडली असती, विचार करा.

पण डासही शिकले. डीडीटीला न जुमानणारे डास वाढले, कामात ढिलाई आली आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. शेवटी १९८९ मध्ये आपण शेतीतलं डीडीटी थांबवलं, आरोग्यासाठी ठेवलं.

मला यातून एवढंच दिसतं: औषध तेच होतं, पण ते कुठे आणि कसं मारलं यावर सगळं ठरलं. आणि ज्यांच्या डोक्यावर ते पडलं, त्यांना डक्सबरीत कुणी विचारलंच नाही.

म्हणून धुराची गाडी आली की घाबरू नका, पण गप्पही बसू नका. औषध कुठलं, वेळ काय, आधी कळवणार का, हे बिनधास्त विचारा. पाणी-अन्न झाका, लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना धुरापासून लांब ठेवा. आणि हो, धुराने उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासायचं काम आपलंच.

भेटू पुढच्या भागात!