मोरा बंदर आणि घारापुरी : स्थलकथांचा इतिहास

उरणच्या, म्हणजे जुन्या कागदपत्रांतील करंजा बेटाच्या, उत्तर टोकाशी मोरा बंदर वसले आहे. समोर समुद्राच्या अरुंद पट्ट्यापलीकडे घारापुरी व तेथील शैव लेणी, तर दक्षिणेस द्रोणागिरीचा डोंगर आहे. एवढ्या लहान परिसरात स्थलकथांची जी दाटी झाली आहे, ती लोककथेच्या अभ्यासकाइतकीच इतिहासाच्या अभ्यासकालाही बोधप्रद ठरावी.

द्रोणागिरीची कथा सर्वपरिचित आहे. संजीवनीसह पर्वत घेऊन लंकेकडे निघालेल्या हनुमंताच्या हातून त्याचा एक तुकडा येथे पडला, असे सांगतात. परंतु हीच कथा कन्याकुमारीजवळील मरुत्वामलै या डोंगराविषयी आणि श्रीलंकेत गॉलनजीकच्या रुमस्सल टेकडीविषयीही सांगितली जाते. येथे रामायण हे मूळ कथानक असून, त्याला स्थानिक भूगोलात जागा करून देण्याचे काम त्या त्या ठिकाणच्या लोकांनी केले आहे. आपला डोंगर महाकाव्याच्या वाटेवर आहे, हे सांगणे हाच अशा कथेचा हेतू होय.

घारापुरीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तेथे डोंगर नव्हे, तर मनुष्यनिर्मित वास्तू आहे. आणि तिचा निर्माता कोण, हा प्रश्न पाहणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, हे काम चिनी लोकांचे असल्याचे काही जण म्हणतात, अशी नोंद केली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी दियोगु द कौतु याने निराळीच कथा नोंदविली. ती बाणासुराची व त्याची कन्या उषा हिची. पांडवांनी लेणी कोरली ही समजूत तर महाराष्ट्रातील बहुतेक लेण्यांना चिकटलेलीच आहे. पुढे या यादीत सिकंदराचेही नाव आले.

या चारही नावांमागे प्रश्न एकच आहे : सामान्य माणसाच्या हातून हे कसे घडले असेल? उत्तर मात्र सांगणाऱ्याच्या ज्ञानविश्वातून येते. दूरच्या समुद्रव्यापाराच्या वार्ता ऐकणाऱ्यांना चिनी आठवले. पुराण ऐकणाऱ्यांना बाणासुर आठवला. प्राचीन ग्रीसच्या इतिहासावर वाढलेल्या युरोपीयांना सिकंदर जवळचा वाटला. ही प्रवृत्ती केवळ भारतीय नव्हे. मायसेनीची प्रचंड तटबंदी ग्रीकांनी सायक्लोप्स या एकाक्ष राक्षसांच्या नावे लावली. युरोपातील कित्येक जुने पूल सैतानाने एका रात्रीत बांधले असे सांगतात. अंबरनाथचे शिवालयही पांडवांनी एका रात्रीतच उभारले, अशी समजूत आहे. उषेची कथाही घारापुरीपुरती नाही. आसामातील तेजपूर आणि हिमालयातील उखीमठ ही स्थळेही तिच्याशी जोडलेली आहेत.

घारापुरीच्या बाबतीत या कथांना मोकळे रान मिळण्यास एक ऐतिहासिक कारणही घडले. तेथील एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठविला. तो वाचणारा कोणी भेटला नाही व पुढे शिळाही नाहीशी झाली, असे कौतु सांगतो. ज्या लेखातून कदाचित निर्मात्याचे नाव कळले असते, तोच गेला. आज लेण्यांचा काळ सामान्यतः सहाव्या शतकाचा मध्य मानला जातो, आणि बेटावर सापडलेल्या नाण्यांच्या व शैलीच्या आधारे कलचुरी राजा कृष्णराज याच्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. हे अनुमान सबळ असले, तरी ते अनुमानच होय.

येथे मोरा हे नाव विचारात घेणे प्राप्त होते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये कोकणच्या मौर्यांचा विचार करताना असे सुचविले आहे की, मोरे हे आडनाव आणि मोरा नावाचे दोन लहान धक्के, एक घारापुरीवर व दुसरा करंजा बेटावर, हे कदाचित मौर्यसत्तेचे अवशेष असावेत. हे मौर्य काल्पनिक नव्हेत. दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे येथील शिलालेखात (इ. स. ६३४) त्यांच्या पराभवाचा आणि नौदलाने पुरी जिंकल्याचा उल्लेख आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही विद्वान मानतात. इतरांनी जंजिऱ्याजवळील राजपुरीकडे बोट दाखविले आहे.

तर्क आकर्षक आहे, यात शंका नाही. तथापि मौर्य ते मोरा या प्रवासातील मधली रूपे दाखविणारा पुरावा पुढे आल्याशिवाय केवळ ध्वनिसाम्य निर्णायक मानता येत नाही. ‘मोर’ आणि ‘मोरी’ हे भाषेतील नित्याचे शब्दही तेवढेच जवळचे आहेत. गॅझेटियरच्या लेखकाने ‘कदाचित’ म्हणून आपली मर्यादा पाळली. तो एक शब्द पुढच्या लिखाणात गळला, की तर्काची आख्यायिका होते, आणि मग बाणासुराची कथा सांगणारा ग्रामस्थ व मौर्यांची कथा सांगणारा पदवीधर यांच्यात पद्धतीचा भेद उरत नाही. दोघेही रिकाम्या जागी आपापल्या परिचयाचे थोर नाव बसवीत असतात.

याचा अर्थ स्थलकथा टाकाऊ ठरते असा नव्हे. लेणी कोणी कोरली याविषयी ती साक्ष देऊ शकत नाही. परंतु लेण्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या पिढ्यांनी त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे तिच्याइतके प्रत्यक्षपणे दुसरे कोणतेही साधन सांगत नाही. म्हणून अशी कथा नोंदविताना ती कोणी, केव्हा व कोणास सांगितली, हे कथेइतक्याच काळजीने टिपले पाहिजे. ओर्ता व कौतु यांनी ऐकलेले लिहून ठेवले. सांगणाऱ्यांची नावे मात्र लिहिली नाहीत. हरवलेल्या शिलालेखाइतकीच ही हानीही मोठी आहे. आणि यापुढे ती टाळणे अभ्यासकाच्या हाती आहे.