आभासी राउटर

आभासी राउटर म्हणजे स्वतंत्र उपकरणाऐवजी आभासी संगणकात सॉफ्टवेअरच्या रूपाने चालणारा राउटर होय. व्हायओएस, पीएफसेन्स आणि मायक्रोटिकचा क्लाउड होस्टेड राउटर ही त्याची काही उदाहरणे आहेत. यांपैकी व्हायओएस ही डेबियनवर आधारित प्रणाली २०१३ मध्ये व्याट्टा या प्रकल्पातून वेगळी झाली.

भाड्याच्या सर्व्हरवरील उभारणी

होस्टिंग कंपनीकडून संपूर्ण भौतिक सर्व्हर (बेअर मेटल) भाड्याने घेतल्यावर त्यावर प्रथम केव्हीएमसारखा हायपरवायझर बसवतात. त्यानंतर दोन आभासी ब्रिज तयार केले जातात. एक भौतिक नेटवर्क कार्डाला जोडलेला असतो, तर दुसरा केवळ अंतर्गत आभासी संगणकांसाठी असतो. राउटर या दोहोंना जोडतो आणि नॅट, फायरवॉल व व्हीपीएन ही कामे करतो.

अडचणी व दक्षता

अनेक कंपन्यांचे स्विच नोंदणी नसलेल्या मॅक पत्त्यावरून आलेली पॅकेट अडवतात. अशा वेळी राउटरसाठी कंपनीकडून वेगळा मॅक पत्ता घ्यावा लागतो किंवा अतिरिक्त आयपी पत्ते सर्व्हरच्या मुख्य पत्त्यामार्फत राउटरकडे वळवावे लागतात.

हायपरवायझरचे व्यवस्थापन केवळ या राउटरमार्फत होत असल्यास, राउटर बंद पडताच दूरस्थ सर्व्हरशी संपर्क तुटतो. म्हणून व्यवस्थापनासाठी स्वतंत्र पत्ता किंवा कंपनीने पुरवलेला दूरस्थ कन्सोल उपलब्ध ठेवतात.