‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ सांगणारा फोनवाला पुरावा कुठून आणतो?

‘मी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय. तुमच्या कॉम्प्युटरवरून आम्हाला एरर येतायत.’

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या लोकांना असे फोन पंधरा वर्षांहून जास्त काळ येतायत. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अशा टोळ्यांवर कारवाई केली, तेव्हा बहुतेकांचे धागे भारतात निघाले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयनं ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये छापे टाकले, त्यातही परदेशी लोकांना टेक सपोर्टच्या नावानं फसवणारी कॉल सेंटर्स होती.

पण लोक विश्वास का ठेवतात?

कारण फोनवाला आधी पैसे मागतच नाही. तो पुरावा दाखवतो, तोही तुमच्याच स्क्रीनवर. विंडोज आणि आर ही बटणं दाबायला लावून तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला सांगतो. तिथे लाल-पिवळ्या खुणांची भलीमोठी यादी दिसते. ऐकणारा घाबरतो. खरं तर ही विंडोजची रोजची नोंदवही. प्रिंटर सापडला नाही, एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, असल्या बारीकसारीक गोष्टीही त्यात असतात. ठणठणीत कॉम्प्युटरमध्येही.

दुसरी युक्ती तर अजून बेरकी. तो आधी ‘८८८डीसीए६०’नं सुरू होणारा एक लांबलचक नंबर वाचून दाखवतो आणि मग ‘असोक’ ही कमांड द्यायला लावतो. स्क्रीनवर तोच नंबर! ‘हा तुमचा लायसन्स आयडी.’ प्रत्यक्षात तो विंडोजच्या सगळ्याच कॉम्प्युटरवर सारखाच असतो.

इथवर आलेला माणूस मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकतो, कोड सांगतो. ही ॲप्स खोटी नाहीत, ऑफिसांमध्ये रोज वापरली जातात. पण कोड दिला की माउस समोरच्याच्या हातात. ‘दुरुस्ती’चे पैसे बऱ्याचदा गिफ्ट कार्डचे नंबर वाचून घेऊन उकळले जातात, कारण ते परत मिळवणं जवळपास अशक्य.

काही महिन्यांनी पुन्हा फोन. ‘कंपनी बंद होतेय, रिफंड देतो, नेट बँकिंग उघडा.’ ३०० डॉलरऐवजी ‘चुकून’ ३०,००० जमा झाल्याचं दिसतं. फोनवाला रडकुंडीला येतो, ‘माझी नोकरी जाईल, वरचे परत करा.’ जमा काहीच झालेलं नसतं. त्यानं ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा बदललेला असतो, किंवा तुमचेच पैसे एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले असतात.

आपल्याकडे मायक्रोसॉफ्टच्या जागी ‘बँकेतून केवायसीसाठी’ येतं, बाकी स्क्रीन हातात घेण्याचा प्रकार तोच. एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

आणि स्क्रीनभर ‘या नंबरवर फोन करा’ असा इशारा आला तर? मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतोच. ऑल्ट आणि एफ४ दाबून ब्राउझर बंद करा.

कोड देऊन बसला असाल तर आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार करा. पासवर्ड बदलायचे, तेही दुसऱ्याच फोनवरून.