वहीतील खतावणी ते संगणकावरील गुंतवणूक-संच : नामपूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी परिचित असलेले गाव आहे. येथील शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न पगाराप्रमाणे दरमहा ठरावीक तारखेला येत नाही. उन्हाळ कांदा विकला किंवा डाळिंबाचा बहार हाती लागला की मोठी रक्कम एकदम येते आणि ती पुढील हंगामापर्यंत पुरवावी लागते. साहजिकच अशी रक्कम बँकेतील व पतसंस्थेतील ठेव, डाकघरातील बचतपत्रे, विमा, सोने आणि अलीकडच्या काळात म्युच्युअल फंड अशा अनेक ठिकाणी विभागली जाते. या विखुरलेल्या गुंतवणुकीची एकत्र मांडणी करण्यासाठी आज व्यक्तिगत अर्थव्यवहाराची संगणकीय साधने उपलब्ध आहेत. ही साधने नवी असली तरी त्यांच्यामागील प्रश्न जुनाच आहे. हिशेबाची नोंद कोणाच्या ताब्यात असावी आणि ती कोणत्या खात्यांत विभागली जावी, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पारंपरिक हिशेबपद्धती

महाराष्ट्रातील दप्तरपद्धतीत हिशेबाच्या पायऱ्या स्पष्ट होत्या. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहिले जात. तेच व्यवहार पुढे खतावणीत खातेनिहाय उतरवले जात. त्यांचा गोषवारा तेरजेत निघे आणि अखेरीस जमाखर्चाचा ताळेबंद मांडला जाई. कालक्रमाने लिहिलेली नोंद आणि वर्गवारीने लिहिलेली नोंद यांतील भेद या पद्धतीने नेमका ओळखला होता. रोजकीर्दीवरून काय घडले हे कळते; पण आपण कोठे उभे आहोत हे खतावणीशिवाय कळत नाही.

तथापि, ही विद्या मुख्यतः कारकून, सावकार व व्यापारी या वर्गांपुरती मर्यादित राहिली. वही मोडीत लिहिलेली असे आणि सामान्य रयतेस ती वाचता येत नसे. परिणामी शेतकऱ्याच्या आर्थिक स्थितीची एकमेव लेखी नोंद बहुधा त्याच्या सावकाराच्या घरी असे.

इ. स. १८७५ : नोंदीवरील ताब्याचा प्रश्न

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबई इलाख्यातील कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि युद्ध संपताच, १८६५ मध्ये, तो कोसळला. त्याबरोबर मुंबईतील शेअरबाजाराचा फुगाही फुटला. ग्रामीण भागात कर्जाचा बोजा वाढत गेला आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला. दख्खनचे दंगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावात जमावाचा रोख मुख्यतः सावकारांकडील कर्जरोखे व हुकूमनामे यांवर होता. ही कागदपत्रे हिसकावून जाळण्यात आली. ज्या नोंदीवर आपला ताबा नाही आणि जी तपासताही येत नाही, तिच्यापासून सुटण्याचा दुसरा मार्ग शेतकऱ्यास दिसत नव्हता.

याच वर्षी ९ जुलै रोजी मुंबईत ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ची स्थापना झाली. सुप्यात कागद जळत असताना मुंबईत कागदाच्या व्यवहारास संघटित रूप येत होते, हा योगायोग लक्षणीय आहे.

१८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने शेतकरी ऋणकोला भरलेल्या रकमेची लेखी पावती, हिशेबाचे वार्षिक विवरण आणि पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क दिला. प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांपुरता असलेला हा कायदा पुढे इतरत्रही लागू झाला. त्यातील सावकारीविषयक तरतुदींची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. परंतु हिशेबाची प्रत ही ज्याचा हिशेब त्याच्याकडे असावी, हे तत्त्व त्यात मान्य झाले, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली. १८८२ मध्ये सुरू झालेल्या डाकघर बचत बँकेने आणि १९०४ च्या सहकारी पतपुरवठा कायद्याने पासबुक हळूहळू सर्वसामान्यांच्या घरात नेले.

कागदाकडून संगणकाकडे

स्वातंत्र्योत्तर काळात आयुर्विमा महामंडळ (१९५६), युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया (१९६४) आणि बँकांचे राष्ट्रीयीकरण (१९६९) यांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबाकडील आर्थिक कागदपत्रांची संख्या वाढली. शेअर प्रमाणपत्र हरवणे, सही न जुळणे, बनावट कागद निघणे हे प्रश्न नित्याचे होते. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बनावट बँक पावत्यांचा वापर उघड झाला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर त्याच वर्षी एनएसडीएलचे कामकाज सुरू झाले आणि रोखे कागदाऐवजी संगणकीय नोंदीच्या रूपात ठेवता येऊ लागले.

याच सुमारास घरगुती हिशेबाची संगणकीय साधने जगभर प्रचलित झाली होती. अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘क्विकन’ आणि १९९१ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट मनी’ बाजारात आले. १९९८ च्या सुमारास ‘ग्नूकॅश’ हे मुक्त साधन उपलब्ध झाले. ग्नूकॅशमध्ये मालमत्ता, तिच्याखाली गुंतवणूक, तिच्याखाली दलालाकडील खाते आणि त्याखाली प्रत्येक रोख्याचे स्वतंत्र खाते अशी उतरंड करता येते. व्यवहार एकदा नोंदवला की तो दोन्ही संबंधित खात्यांत उमटतो. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज यांचेच हे यांत्रिक रूप होय.

वर्गवारीचे तत्त्व

गुंतवणूक-संचाची मांडणी किमान चार अंगांनी करता येते : गुंतवणूक कोणाच्या नावे आहे, कोणत्या संस्थेत आहे, कोणत्या प्रकारची आहे आणि कोणत्या उद्दिष्टासाठी आहे. ही चार अंगे एकमेकांत मिसळली की हिशेब फसतो. उदाहरणार्थ, बँक ठेवींवरील विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे पाच लाख रुपये करण्यात आली. एकाच बँकेच्या तीन शाखांतील ठेवी तीन निराळ्या नोंदी म्हणून ठेवणाऱ्यास ही मर्यादा ओलांडल्याचे लक्षात येणार नाही. पतसंस्थेतील ठेवीस तर हे संरक्षण मुळातच नाही. त्यामुळे ‘ठेवी’ या एकाच खात्यात दोन्हींची बेरीज करणे दिशाभूल करणारे ठरते.

खरेदीची तारीख व किंमत यांचेही असेच आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पाने शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर पुन्हा कर लागू केला आणि जुन्या खरेदीसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव विचारात घेण्याची तरतूद केली. ज्यांनी प्रत्येक खरेदीची स्वतंत्र नोंद ठेवली होती, त्यांनाच हा हिशेब सुकर झाला.

नामपूर परिसर आणि साधनांच्या मर्यादा

२०२१ मध्ये कार्यान्वित झालेल्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेमुळे खातेदाराच्या संमतीने बँक, डिमॅट, म्युच्युअल फंड इत्यादींची माहिती एकत्र आणता येते. ही सोय वित्तीय नियामकांच्या कक्षेतील संस्थांपुरती आहे. बागलाणातील कुटुंबाच्या संपत्तीचा मोठा भाग मात्र जमीन, घरातील सोने, पतसंस्थेतील ठेव, भिशी, नातलगांतील उसनवारी आणि चाळीत साठवलेला कांदा यांत असतो. आपोआप भरला जाणारा संच यांपैकी काहीच दाखवत नाही. हाताने भरावयाची खाती त्यात मुद्दाम उघडावी लागतात. अन्यथा पडद्यावर दिसणारी एकूण रक्कम ही कुटुंबाच्या संपत्तीची नव्हे, तर केवळ तिच्या नोंदणीकृत भागाची बेरीज असते.

दुसरा प्रश्न वारसांचा आहे. कर्त्या व्यक्तीच्या निधनानंतर कोणती ठेव कोठे आहे हे घरातील इतरांना ठाऊक नसणे ही सार्वत्रिक अडचण आहे. दावा न केलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेला २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू करावे लागले, यावरून तिची व्याप्ती लक्षात येते. घरात एकाच व्यक्तीला उघडता येणारा संगणकीय हिशेब हा इतरांसाठी न वाचता येणाऱ्या मोडी वहीसारखाच असतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वही, पासबुक, डिमॅट आणि संगणकीय संच ही हिशेबाच्या साधनांची एक सलग परंपरा आहे. तिच्यातील प्रगती केवळ वेगावरून मोजता येणार नाही. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘मनी’ची विक्री थांबवली, तेव्हा वापरकर्त्यांना आपल्या अनेक वर्षांच्या नोंदींच्या भवितव्याचा विचार करावा लागला. नोंद दुसऱ्याच्या साधनात अडकली की तिच्यावरील हक्क पुन्हा दुबळा होतो. म्हणून साधन कोणतेही असो, नोंदीची स्वतःकडील प्रत, कुटुंबातील किमान आणखी एका व्यक्तीस ती वाचता येणे आणि प्रत्येक ठेवीस तिचे योग्य खाते मिळणे, हे तीन निकष महत्त्वाचे ठरतात. १८७९ च्या कायद्याने पासबुकाच्या रूपाने जो हक्क शेतकऱ्यास देऊ केला, त्याचा आजचा अर्थ हाच आहे. वाणिज्य व इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापनात स्थानिक कुटुंबांच्या जुन्या वह्यांचे वाचन आणि संगणकीय हिशेबाचा सराव एकत्र घेतल्यास विद्यार्थ्यांना हा दुवा प्रत्यक्ष अनुभवता येईल.