भूजलशोधक लोहभिंत

दूषित भूजलाच्या वाटेत जमिनीखाली आडवा चर खणून त्यात लोखंडाचा दाणेदार कीस भरून तयार केलेला पार्य पट्टा. ‘भिंत’ म्हटले जात असले, तरी ती पाणी अडवीत नाही. पाणी तिच्यातून आरपार जाते व जाताना त्यातील काही विषारी द्रव्यांचे विघटन होते किंवा ती साक्याच्या रूपाने लोखंडापाशी अडकून राहतात. दूषित पाणी उपसून जमिनीवर शुद्ध करण्याच्या खर्चिक पद्धतीला पर्याय म्हणून ही पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. ती प्रथम वाळूच्या भूस्तरात यशस्वी ठरली. जालन्यासारख्या जिल्ह्यांतील बेसाल्टी भूस्तर याहून अगदी वेगळा असल्याने तिच्या इतिहासाबरोबर तिच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात.

इतिहास : धातूंच्या साहाय्याने क्लोरिनयुक्त कीटकनाशकांचे विघटन करण्याचे एकस्व अमेरिकेत १९७२ मध्ये देण्यात आले होते, परंतु भूजलशुद्धीसाठी लोखंड वापरण्याची कल्पना रुजली ती निराळ्या वाटेने. १९८० नंतरच्या दशकात कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात ग्लेन रेनल्ड्झ हे भूजलाचे नमुने घेण्याच्या नळ्यांसाठी कोणता पदार्थ योग्य, याचा अभ्यास करीत होते. काही धातूंच्या संपर्कात आलेल्या नमुन्यांतील हॅलोजनयुक्त कार्बनी संयुगांचे प्रमाण घटते, असे त्यांना आढळले. नमुन्याच्या अचूकतेच्या दृष्टीने हा दोषच होता. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच विद्यापीठातील रॉबर्ट गिलम यांनी या दोषात शुद्धीचा उपाय पाहिला. १९९१ मध्ये त्यांनी व स्टेफनी ओहॅनेसिन यांनी आँटॅरिओ प्रांतातील बॉर्डन येथील लष्करी तळावर वाळूच्या भूस्तरात प्रायोगिक भिंत घातली. तीत वजनाने २२% लोहकीस व ७८% वाळू होती. तीतून गेलेल्या पाण्यातील ट्रायक्लोरोएथिलीन सु. ९०%, तर टेट्राक्लोरोएथिलीन सु. ८६% घटले.

यानंतर १९९४–९५ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे एका अर्धसंवाहक-कारखान्याच्या जागेवर व्यापारी तत्त्वावरील पहिली भिंत उभारण्यात आली. जून १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाच्या केंद्रात ४६ मी. लांब, ७.३ मी. खोल व ०.६ मी. रुंद भिंत घालण्यात आली. तेथील क्रोमियम-विलेपनाच्या कर्मशाळेतून जमिनीत मुरलेले षट्‌संयुजी क्रोमियम व ट्रायक्लोरोएथिलीन या दोहोंवर तिचा उपयोग झाला.

रासायनिक क्रिया : लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन मुक्त होतात. ते क्लोरिनयुक्त संयुगांना मिळाले, की क्लोरीन क्लोराइडाच्या रूपात सुटते व मागे एथिलीन, एथेन यांसारखी साधी हायड्रोकार्बने उरतात. विद्राव्य व विषारी अशा षट्‌संयुजी क्रोमियमाचे क्षपण होऊन त्रिसंयुजी क्रोमियम बनते व लोहाच्या हायड्रॉक्साइडाबरोबर त्याचा साका बसतो. नायट्रेटाचे मात्र क्षपण होऊन मुख्यतः अमोनिया तयार होतो. म्हणजे एक दूषितक जाऊन दुसरे येते. शिवाय नायट्रेटामुळे लोहकणांवर थर बसून त्यांची क्रियाशीलता मंदावते. जड पाण्यातील कार्बोनेटांच्या साक्याने कणांमधील पोकळ्या बुजतात व पाणी भिंतीला वळसा घालून जाऊ लागते.

बेसाल्टी प्रदेश व जालना : जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. तेथील विहिरींना पाणी मिळते ते मुख्यतः मुरूम, मांजऱ्या खडक व काळ्या पाषाणातील सांधे-भेगा यांतून. वाळूच्या थरात पाणी सलग पसरून एका दिशेने वाहते, म्हणून त्याच्या आड भिंत घालता येते. भेगांतून वाहणारे पाणी भिंतीच्या खालून किंवा बाजूने निसटू शकते. चर खणण्यासाठी कठीण खडक फोडावा लागतो, तो खर्च वेगळाच.

जालना शहर भंगार वितळवून सळया तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. लोखंडाची वाण तेथे नाही. परंतु मराठवाड्यातील भूजलाचा एक प्रमुख दोष म्हणजे नायट्रेट. अनेक विहिरींत त्याचे प्रमाण दर लिटरला ४५ मिग्रॅ. या भारतीय मानकाच्या मर्यादेपलीकडे गेलेले आढळते. खते, शेणखताचे ढीग व शौचखड्डे ही त्याची उगमस्थाने होत. त्यावर लोखंड हा उपाय नव्हे. वॉटर्लू विद्यापीठातीलच विल्यम रॉबर्टसन यांनी १९९० नंतरच्या दशकात लाकडाच्या भुशाच्या भिंती वापरून सूक्ष्मजंतूंकरवी नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करून दाखविले.

अवर्षणाच्या प्रदेशात विहीर बाद करून दुसरी शोधणे सोपे नसते; २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याला टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागले. दूषितक कोणते व खडकातील पाण्याची वाट कोणती, हे ठरविल्याखेरीज कोणतीही भिंत उपयोगी पडत नाही. म्हणून अशा प्रदेशात दूषितके जमिनीत मुरू न देणे हाच पहिला उपाय ठरतो. लोहभिंतीचा विचार त्यानंतरचा, आणि तोही क्रोमियम किंवा क्लोरिनयुक्त विद्रावक उथळ थरात मुरलेल्या औद्योगिक जागांपुरता.