पॉलिफीमस

पॉलिफीमस : जेम्स कॅमेरून दिग्दर्शित ‘अवतार’ (२००९) या विज्ञानचित्रपटात व त्याच्या पुढील भागांत दिसणारा काल्पनिक महाकाय वायुग्रह. नरतुरंग तारकासमूहातील मित्र अर्थात आल्फा सेंटॉरी या सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे दूर असलेल्या खऱ्या तारकाप्रणालीतील ‘ए’ ताऱ्याभोवती तो फिरतो, अशी कल्पना आहे. मित्र तारा महाराष्ट्रातून मे-जूनच्या रात्री दक्षिण क्षितिजालगत दिसतो.

निळसर ढगांचे पट्टे आणि डोळ्यासारखे दिसणारे प्रचंड वादळ ही या ग्रहाची ओळख. ग्रीक महाकाव्य ‘ओडिसी’मधील एकाक्ष राक्षसावरून त्याला नाव दिले आहे. कथानक मात्र घडते ते त्याच्या पँडोरा या उपग्रहावर. पँडोराच्या आकाशाचा मोठा भाग पॉलिफीमसने व्यापलेला असतो. उपग्रह त्याच्या सावलीत शिरला की तारा झाकला जाऊन भरदिवसा अंधार पडतो. ‘द वे ऑफ वॉटर’ (२०२२) मधील अखेरची सागरी लढाई अशाच ग्रहणात रंगते.

वायुग्रहाला पाय रोवायला घन पृष्ठभाग नसतो. म्हणून विज्ञानकथाकार जीवसृष्टी त्याच्या उपग्रहावर वसवतात. याला शास्त्रीय आधार आहे. ग्रह ताऱ्यापासून योग्य अंतरावर, म्हणजे वासयोग्य पट्ट्यात असेल, तर पुरेसे वातावरण असलेल्या उपग्रहावर पाणी द्रवरूपात टिकू शकते. शिवाय ग्रहाच्या भरती-ओहोटीच्या ओढीने उपग्रहाचे अंतरंग तापते; गुरूच्या आयो या उपग्रहावरील ज्वालामुखी याच उष्णतेवर धगधगतात. मात्र उपग्रह ग्रहाच्या फार जवळ असल्यास त्याच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचा तीव्र किरणोत्सर्ग जीवसृष्टीला घातक ठरतो.

पॉलिफीमस काल्पनिक असला, तरी प्रत्यक्षातही ऑगस्ट २०२४ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने आल्फा सेंटॉरी ‘ए’चे तेज झाकून घेतलेल्या प्रतिमांत, ताऱ्याहून १०,००० पटींपेक्षा अधिक मंद असा एक ठिपका आढळला. फेब्रुवारी व एप्रिल २०२५ मध्ये तो दिसला नाही. तेव्हा तो ताऱ्याच्या फार जवळ गेला असावा, असे कक्षांच्या गणितावरून मानले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार हा साधारण शनीच्या वस्तुमानाचा संभाव्य वायुग्रह असून, ताऱ्यापासूनचे त्याचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक ते दोन पट आहे. पुष्टी झाल्यास, सूर्यासारख्या ताऱ्याच्या वासयोग्य पट्ट्यात थेट टिपलेला तो आपल्याला सर्वांत जवळचा ग्रह ठरेल.