खालचा सूर कोणाच्या हातात

यंदा रोवणी आटोपली तशी मी केशोरीहून नागपूर गाठलं आणि बेस गिटार घेतली. बावीस वर्षांनी. दुकानातल्या पोरानं विचारलं, "काका, काय वाजवता? रॉक, जॅझ?" मी म्हणालो, "नाटकात वाजवतो." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या भिंतीवर तीसेक गिटारी टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीची माहिती त्याला तोंडपाठ होती. पण झाडीपट्टीच्या नाटकात पहाटे तीन वाजता काय चालतं, काय बंद पडतं, हे त्याला कोण सांगणार? ते आमच्या भागाच्या इतिहासातूनच कळतं. म्हणून तो थोडा सांगतो.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याला झाडी म्हणतात. धान घरी आलं, दिवाळी झाली, भाऊबीजेपासून गावोगावी मंडया भरू लागल्या की नाटकांचा हंगाम उभा राहतो. मंडईला नाटक, शंकरपटाला नाटक. कंपन्यांचा बाजार वडशाला, म्हणजे देसाईगंजला. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. लोक तनशीवर, घोंगड्या पांघरून बसतात. शंकरपटाशी हा धंदा किती बांधलेला आहे ते २०१४ साली दिसलं. सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि पटाच्या निमित्तानं ठरणाऱ्या कित्येक गावांच्या रात्री सुन्या झाल्या. २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, तशी पटाबरोबर नाटकंही परतली.

नाटकाच्या आधी आमच्याकडे दंडार होती, खडी गंमत होती. आजोबा दंडारीत ढोलकी वाजवत. त्या काळी खालचा आवाज कातड्याचा. ढोलकीचा धुमाचा भाग, तबल्याच्या जोडीला डग्गा. माघातल्या दवानं कातडं सैल पडे, म्हणून शेकोटी नेहमी वादकांच्या अंगाला असे. लोकांना वाटे, वादकांना थंडी फार. शेकोटी खरी ढोलकीसाठी होती.

पुढे संगीत नाटक इकडे पोचलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८०चं, 'सौभद्र' १८८२चं. १९११ साली 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांच्या चाली आल्या. पुण्या-मुंबईकडे बहरलेलं ते रूप झाडीतल्या हौशी मंडळांनी आपलंसं केलं, आणि त्यातूनच पायाचा ऑर्गन आमच्या मांडवात आला. या ऑर्गनचं महत्त्व लोकांच्या नीट ध्यानात आलेलं नाही असं मला वाटतं. हातपेटीत डावा हात भात्यात अडकतो, सुरांना उरतो एकटा उजवा. ऑर्गनला भाता पायानं हलतो, डावा हात मोकळा होतो. तो मोकळा झालेला डावा हात खर्जात गेला आणि षड्ज-पंचम धरून बसला. झाडीच्या रंगभूमीवर सुराचा बेस जन्मला तो असा, दोन पायांच्या जोरावर. तिकडे संगीत नाटकांचे दिवस सरले, पण आमच्याकडे ऑर्गन टिकला. आजही नाटकाच्या सामानात तो चढतो, चार माणसं लावून.

विजेची वाद्यं आमच्या पोरवयातली. रोलँड कंपनीचं पहिलं ऑक्टापॅड १९८५चं. पाठोपाठ कीबोर्ड आला, ज्याला आम्ही कोणत्याही कंपनीचा असो, कॅसिओच म्हणतो. तेव्हा मी एका ऑर्केस्ट्रात होतो. लग्नात, गणपतीत सिनेमाची गाणी आणि एप्रिलमध्ये भीमगीतं. राहुलदेव बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस ऐकून मला चार तारांचं वेड लागलं. कोलकात्याची एक जुनी गिवसन बेस मिळाली, आणि तीच घेऊन मी नाटकात शिरलो. ऑर्गन-मास्तरांनी पहिल्याच रात्री मला धडा दिला. मी यंत्रावर सूर मिळवून बसलो होतो. ते म्हणाले, "मशीनवर नोको मिळवू भाऊ, माह्या पेटीत मिळव. ती म्हातारी आहे, ती हलत नाही. तूच हल." ऑर्गनच्या पितळी जिभा वर्षानुवर्षांत आपला सूर ठरवून बसतात. तो यंत्राच्या सुरापेक्षा अर्धा धागा खाली असला तर नटाचा गळाही त्याच धाग्यावर बसलेला असतो.

मी सुटलो ते शेतीमुळे. बेसची खुर्चीही नंतर बऱ्याच ठिकाणी गेली, कारण कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवू लागला. एक माणूस कमी, एक मानधन कमी. कंपनीच्या मालकाला मी दोष देत नाही. डिझेल, मांडव, टेंपो हे सगळं त्याच्याच अंगावर असतं. पण कीबोर्डचा बेस थांबतो तेव्हा कळ सोडल्यासारखा थांबतो. तार थांबवावी लागते, तळहात ठेवून. त्या थांबवण्यात नटाच्या वाक्याला जागा मिळते. आता माझ्या जुन्या मंडळानं मला परत बोलावलं ते याच कारणासाठी.

लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा त्याच्यासमोरचा प्रश्न आमच्या ऑर्गनसारखाच होता. माणसाएवढा डबल बेस गाडीत मावत नव्हता आणि वाजला तरी बाकी वाद्यांत ऐकू येत नव्हता. त्यानं लाकडाची फळी घेतली, तिला पडदे बसवले, ३४ इंचांची तार लावली. तेच माप पुढे जगभर रूढ झालं. दुकानदारानं मलाही तेच पुढे केलं. मी ३० इंची घेतली.

कारण सांगतो. बेसच्या मोकळ्या तारा पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. आमचे गायक नट काळी एक, काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार, काळी पाचमध्ये. म्हणजे मोकळी तार फारशी कामी येत नाही, रात्रभर बोटं दाबूनच वाजवायचं. ३४ इंचीवर पहिलं घर जवळपास ४.८ सेंटिमीटर रुंद, ३० इंचीवर ४.३. फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. पण विळा धरून सुजलेल्या बोटांना पहाटे चार वाजता तो अर्धा सेंटिमीटर कळतो.

दुसरं, बॅटरीवर चालणारी गिटार घेतली नाही. नऊ व्होल्टचा सेल दुसऱ्या अंकात मेला तर केशोरीच्या चौकात तेव्हा कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. साधे पिकअप, दोन आवाजाच्या कळा, एक टोनची.

तिसरी गोष्ट अँपची, आणि इथे माझा जुना हट्ट मी सोडला. तरुणपणी मला पंधरा इंची स्पीकरचं मोठं खोकं हवं असायचं. आता हिशेब कळतो. सगळ्यात खालच्या तारेचा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा, त्याची एक लाट सव्वाआठ मीटर लांब. बंद सभागृहात तिला भिंती अडवतात. आमच्या मोकळ्या बांधीत ती पलीकडच्या बोडीवरून निघून जाते. तिची भरपाई करायला साऊंडवाल्याचे अठरा इंची बेस-स्पीकरच लागतात, आणि ते मांडवात लागलेलेच असतात. म्हणून एक डीआय बॉक्स घेतला. गिटारीची वायर त्यात, तिथून थेट मिक्सरला. माझ्या कानाजवळ दहा इंची छोटा अँप, फक्त स्वतःला ऐकू येण्यापुरता. डीआय बॉक्सही विजेशिवाय चालणारा, कारण प्रत्येक मिक्सर त्याला ४८ व्होल्ट देईल याचा भरवसा नाही.

चौथी वस्तू तीस रुपयांची आहे आणि मी तिला सगळ्यांत वर ठेवतो. टेस्टर. एकदा दुसऱ्या गावच्या मांडवात जनरेटरला अर्थिंगच नव्हतं. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले, तसा मी मागे फेकला गेलो. तेव्हापासून तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावतो. पोरांनो, तुम्हीही लावा.

एक मागणं आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, झाडीच्या नटाचा देशानं मान केला, आणि आमची छाती भरून आली. पण नाटकाच्या पत्रकावर वादकांची नावं शेवटच्या ओळीत, कधी नुसतंच 'ऑर्गन व साथ'. तुमच्या घरी, मंडळाच्या खोलीत, शाळेच्या अडगळीत अशी जुनी पत्रकं असतील. ती जाळू नका. शेवटची ओळ वाचा, ज्यांची नावं नाहीत त्यांची गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पेनानं मागे लिहा. आणि कुठे पायाचा ऑर्गन भंगारात निघत असेल, तर आधी केशोरीला निरोप धाडा. मी टेंपो घेऊन येतो.